शुअर एसएम ५७ : वर्गात वापरून, पाडून, शिकवून लिहिलेला रिव्ह्यू

नवी बॅच सुरू होण्याआधीच पालकांचे फोन यायला लागतात. विचारायचं एकच असतं, "मॅडम, मुलाला माइक कुठला घेऊन देऊ?" मी कोथरूडमधल्या एका खासगी संस्थेत ऑडिओ प्रॉडक्शन शिकवते. रेकॉर्डिंग, एडिटिंग, मिक्सिंग आणि थोडंफार लाइव्ह साउंड. या प्रश्नाला माझं उत्तर कित्येक वर्षं तेच आहे : शुअर एसएम ५७. ते ऐकून मुलं हिरमुसतात. त्यांनी व्हिडिओत पाहिलेला माइक मोठा असतो, सोनेरी पडद्याचा, दिवा लागणारा. हा राखाडी-काळा, लांबट, ना बटण ना दिवा. किंमत मात्र दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे, म्हणजे बापाच्या खिशाला जाणवेल एवढी. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं. स्टुडिओत काम करणाऱ्यांना हा माइक सांगायची गरज नाही. हे शिकणाऱ्यांसाठी आहे, आणि माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांसाठी.

आधी निकाल सांगते. चांगलं रेकॉर्डिंग करून देणारे माइक याच्याहून सरस बरेच आहेत. पण माइक कुठे ठेवायचा हे शिकवणारा याच्याइतका चांगला माइक मी पाहिलेला नाही. कारण जागा चुकली की हा लगेच वाईट वाजतो, आणि जागा बरोबर लागली की लगेच खुलतो. दोन्हीतला फरक पहिल्या आठवड्यातल्या मुलालाही ऐकू येतो.

हा माइक १९६५ सालचा. अमेरिकेतल्या शुअर कंपनीत अर्नी सीलर नावाच्या इंजिनिअरने आधीच्या युनिडाइन थ्री कॅप्सूलवरून (कॅप्सूल म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग) तो बेतला. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, गोल जाळीचा एसएम ५८ आला, जो आपण प्रत्येक ऑर्केस्ट्रात गायकाच्या हातात पाहतो. दोघांचं पोट जवळजवळ सारखंच, फरक मुख्यतः तोंडावरच्या जाळीचा. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भाषणाच्या स्टँडवर दशकानुदशकं दिसणारे दोन माइक म्हणजे ५७च. मुलांना हे सांगितलं की चेहरे जरा खुलतात.

आत काय आहे? एक पातळ पडदा, त्याला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं आणि भोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलला की वेटोळं हलतं आणि तारेत वीज तयार होते. बस्स. बाहेरून वीज लागत नाही. इंटरफेसवरचं, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवरचं, वीज लागणाऱ्या माइकसाठी असलेलं ४८ व्होल्टचं बटण चुकून चालू राहिलं तरी केबल नीट बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळं शील्ड असलेली) असेल तर काही बिघडत नाही. हे समजावायला मी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आणलेला रेडिओचा एक स्पीकर वापरते. त्याची वायर माइकच्या इनपुटला जोडायची आणि कोनासमोर बोलायचं. हेडफोनमधून आवाज येतो! कोंदट, डब्यातून आल्यासारखा, पण येतो. स्पीकर आणि असा वेटोळ्याचा, म्हणजे डायनॅमिक, माइक ही एकाच तत्त्वाची दोन टोकं आहेत हे त्या क्षणी जेवढं पक्कं बसतं तेवढं फळ्यावरच्या आकृतीने बसत नाही.

आता तबल्याकडे येते, कारण माझ्या मते ५७ची खरी परीक्षा आणि खरा धडा तिथेच आहे. पुण्यात शिकवत असल्याचा एक फायदा म्हणजे दर बॅचला एखादा तरी तबला शिकलेला मुलगा किंवा मुलगी असतेच. त्यांना मधोमध बसवायचं, बाकीच्यांनी हेडफोन लावायचे आणि एकाने माइक हातात धरून हळूहळू फिरवायचा. स्टँड नाही, हातातच. अंतर मी सेंटिमीटरमध्ये सांगत नाही, बोटांत आणि वितीत सांगते. चार बोटं, एक वीत, दीड वीत. मोजपट्टी प्रत्येकाच्या हाताला जन्मापासून लागलेली आहे, ती वापरावी.

माइक दायांच्या (उजव्या हाताच्या तबल्याच्या) चाटेकडे, म्हणजे कडेच्या पट्टीकडे, रोखला की 'ना' टणकन वाजतो, कडा इतकी तीक्ष्ण की मान मागे जाते. तोच माइक तिथल्या तिथे, अंतर न बदलता, शाईकडे, म्हणजे मधल्या काळ्या गोलाकडे, वळवला की 'तूं' मधला गोलावा वर येतो आणि चाटेची धार बोथट होते. माइक दोन बोटंच फिरला, पण जणू वेगळा तबला आणला. हा फरक इतका उघड होण्यामागे एक कारण आहे. ५७ सगळ्या फ्रीक्वेन्सी समान उचलत नाही. त्याचा पट्टा कागदावर ४० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ असला, तरी २०० हर्ट्झच्या खाली तो उतरत जातो आणि पाच-सहा किलोहर्ट्झच्या आसपास त्याला चांगला उंचवटा आहे. चाटेची टणक आणि बोटाचा चटका नेमका त्या उंचवट्यात सापडतो.

मग डग्गा. 'घे' चा गाभा खूप खाली, १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही खाली असतो, म्हणजे जिथे ५७ मुळात कमजोर आहे तिथे. दोन वितींवरून रेकॉर्ड केला तर डग्गा नुसता थप्प वाजतो, घुमारा गायब. मुलं लगेच इक्यूकडे, म्हणजे खालचा-वरचा आवाज कमीजास्त करायच्या सोयीकडे, धावतात. मी थांबवते. माइक जवळ न्या म्हणते. एक वीत. चार बोटं. जसजसे जवळ जाल तसतसा खालचा भाग भरत जातो, याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात. शुअरच्या माहितीपत्रकातच दिलं आहे की सहा मिलिमीटरपेक्षा जवळ गेलं तर १०० हर्ट्झला ६ ते १० डेसिबल वाढ मिळते. एवढं जवळ कोणी डग्ग्याला नेणार नाही, मनगट आदळेल. पण चार-पाच बोटांवर, हात पडत नाही त्या बाजूने तिरका लावला, तर माइकचा उतार आणि जवळिकीचा भराव एकमेकांना बेतासबात भेटतात आणि घिस्सा काढताना (मनगट पुडीवर सरकवताना) घुमारा चढत जातो तो पूर्ण ऐकू येतो. इक्यूला हातसुद्धा लावलेला नसतो. मागच्या बॅचमधली एक मुलगी, लहानपणापासून तबला शिकलेली, स्वतःचा डग्गा पहिल्यांदा असा ऐकून म्हणाली, "मॅडम, मला वाजवताना हा ऐकू येतो, पण रेकॉर्डिंगमध्ये कधीच आला नव्हता." मला शिकवायचं असतं ते एवढंच.

तबला-डग्ग्याला दोन ५७ लावले की पुढचा धडा आपोआप येतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की कधीकधी डग्गा अचानक पोकळ होतो, कारण दायांवरच्या माइकमध्येही डग्गा शिरतो, पण किंचित उशिरा. एका ट्रॅकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटवून ऐकायची, माइकमधलं अंतर वाढवायचं, पुन्हा ऐकायचं. माइक वाद्यापासून जितका दूर, त्याच्या निदान तिप्पट दुसरा माइक पहिल्यापासून दूर, हा नियम सगळीकडे छापलेला असतो. तबल्याच्या जोडीत तो पाळायला जागाच नसते. म्हणून कानाने ठरवावं लागतं, आणि ते फार बरं आहे.

दुसरी गोष्ट पुण्यातल्या फ्लॅटची. मुलं घरी रेकॉर्ड करतात. छताला फॅन, खाली गल्लीत दुचाकीचे हॉर्न, शेजारी कुकर आणि मार्चनंतर भल्या पहाटेपासून कोकीळ. महागडा कंडेन्सर, म्हणजे वीज लागणारा, जास्त संवेदनशील माइक, घेतलेली मुलं हे सगळं उत्तम दर्जात रेकॉर्ड करून आणतात. मग कुठेतरी वाचतात की डायनॅमिक माइक बाहेरचा आवाज गाळतो. हे अर्धवट आहे आणि मी दर वेळी ते खोडून काढते. माइकला फॅन कुठला आणि गळा कुठला हे कळत नाही. आवाज कमी येतो तो तुम्ही माइकच्या जवळ आलात म्हणून. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. फॅन होता तिथेच असतो, म्हणून तुलनेत मागे पडतो. ५७ चा उपयोग असा की त्याचा सिग्नल कमजोर असल्याने तो तुम्हाला जवळ यायलाच लावतो. शिवाय तो कार्डिऑइड आहे, म्हणजे बरोबर पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. तेव्हा खिडकीकडे माइकची पाठ करायची, म्हणजे तोंड तुमच्याकडे आणि शेपूट खिडकीकडे. इतकी साधी गोष्ट, पण मुलं नेमकी खिडकीकडे पाठ करून बसतात, म्हणजे माइकचं तोंड सरळ खिडकीकडे!

जवळ आलं की मराठी बोलणाऱ्याची एक खास अडचण सुरू होते. आपल्या भाषेत भ, फ, ख, ध, थ पावलापावलाला येतात आणि प्रत्येकाबरोबर हवेचा झोत सुटतो. ५७ च्या तोंडावर ५८ सारखी गोल जाळी नाही, त्यामुळे झोत सरळ पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धप्प ऐकू येतं. मी मुलांना हे वाक्य वाचायला देते : "भाऊंनी फाटकापाशी भलीमोठी फळी ठेवली आणि फुलांची परडी भरभर भरली." आधी माइक तोंडासमोर. मग माइक ओठांच्या कोपऱ्याशी आणून तिरका, म्हणजे झोत बाजूने निघून जातो. मग फोमची टोपी घालून. तिन्ही टेक एकापाठोपाठ ऐकायचे. तिरका लावलेला टेक बहुतेकांना फोमपेक्षाही आवडतो, मलाही. फोमने वरचा भाग थोडा झाकोळतो. ज्यांचा 'स' आणि 'श' मुळातच टोकदार आहे त्यांनी मात्र सावध राहावं, तो वरचा उंचवटा अशा आवाजाला बोचरा करतो. अशा मुलांना मी सरळ दुसरा माइक सुचवते.

ढोल-ताशाबद्दल न लिहिता पुण्यातला माइक रिव्ह्यू पुरा व्हायचा नाही. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत नदीपात्रात पथकांचा सराव चालतो, तिथे मी मुलांना बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर आणि दोन ५७ घेऊन नेते. ढोलापुढे हा माइक हार मानत नाही. फाटतो तो रेकॉर्डरचा इनपुट. पहिल्या ठोक्याला लाल दिवा लागतो, मुलं म्हणतात माइक फुटला, आणि मग गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) शून्याकडे आणला की सगळं स्वच्छ. साखळीतली कुठली कडी तुटली हे ओळखायला याहून चांगली जागा नाही. ताशा मात्र ५७ वर मला आवडत नाही. काड्यांचा तो कडकडाट आधीच कानात घुसणारा, त्यात पाच-सहा किलोहर्ट्झचा उंचवटा. माइक समोरून न रोखता बाजूला वळवावा आणि चार पावलं मागे यावं, म्हणजे ऐकवतो. नदीपात्रात वारं असतं, तेव्हा फोम न्यायचाच.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत.

सगळ्यात मोठी म्हणजे गेन. एका पास्कल दाबाला हा माइक जेमतेम १.६ मिलिव्होल्ट देतो. साधे कंडेन्सर त्याच्या आठ-दहापट सहज देतात. म्हणजे वितीवरून शांत बोलणाऱ्याला इंटरफेसवर ५५-६० डेसिबल गेन लागतो. स्वस्तातल्या इंटरफेसची धाव साधारण तिथेच संपते आणि शेवटच्या टप्प्यात सूं सुरू होते. घरी नेऊन नॉब पूर्ण फिरवला आणि तरी आवाज बारीक आला की पालकांना वाटतं माइक बिघडलेला निघाला. तसं नसतं. पण हे आधी सांगायला हवं. दुकानात ते कोणी सांगत नाही. मधे लावायचे पंचवीसेक डेसिबल देणारे छोटे बूस्टर मिळतात, त्यांना ४८ व्होल्ट लागतात, आणि किंमत माइकच्या निम्म्याच्या पुढे जाऊ शकते. माझा सल्ला असा की त्या पैशात बरा इंटरफेस घ्यावा.

म्हणूनच तानपुरा, पैंजण, पावलांचे आवाज, पानांची सळसळ, कपड्यांची सरसर यासाठी ५७ घेऊ नये. लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयच्या साउंड विभागात जायची स्वप्नं बाळगून येणारी मुलं असतात, त्यांना चित्रपटासाठी बारीकसारीक आवाज गोळा करायचे असतात. त्यांना मी स्पष्ट सांगते की वर्गातला ५७ वापरा आणि तुमचे पैसे कंडेन्सरसाठी राखून ठेवा. हार्मोनिअमही याच्यावर मला समाधान देत नाही. सुरांआधी भात्याचा श्वास आणि पट्ट्यांची टकटक पुढे येते. माइक वितीभर लांब, थोडा वर धरून पट्ट्यांपासून वळवला तर चालवून घेता येतो, पण चालवून घेणंच ते.

काही मुलांना शुअरचाच एसएम ७बी हवा असतो, पॉडकास्टमुळे. माइक सुंदर आहे, पण किंमत साधारण चौपट, आणि सिग्नल ५७ हूनही कमजोर. ज्याच्याकडे साधा इंटरफेस आहे त्याने तो घेणं म्हणजे दुखणं वाढवणं. फोम लावलेला ५७ तोंडाशी तिरका धरला तर शिकण्याच्या टप्प्यावर तो फरक कोणाला विचारावासाही वाटणार नाही.

नकलांचं लिहायलाच हवं. आमच्या एका विद्यार्थ्याने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून फार स्वस्तात 'ओरिजिनल' ५७ मागवला. खोका हुबेहूब, पाऊचही. वर्गात आमच्या माइकशेजारी लावून एकच तबला दोघांवर घेतला, तर नव्याचा 'ना' पत्र्यावर पडल्यासारखा आणि डग्गा जवळ नेऊनही भरेना. घरच्या डिजिटल काट्यावर ठेवला. अस्सल ५७ चं वजन २८४ ग्रॅम, कारण त्याच्या खालच्या भागात ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो. नवा बराच हलका भरला. वजन जुळलं म्हणजे माइक अस्सल असं मात्र समजू नका, नकलाकार आत वजन घालतात. पण वजन जुळलं नाही तर शंकेला जागा उरत नाही. त्या मुलाने सुट्टीत काम करून ते पैसे जमवले होते. त्याचा चेहरा आठवला की अजून राग येतो. अधिकृत डीलरकडून, बिलासकट घ्या. दोन-तीन हजार वाचवायला जाऊ नका.

टिकण्याबद्दल काय सांगू? वर्गातले माइक रोज नव्या हातात जातात. शहाबादी फरशीवर पडतात, स्टँडसकट आडवे होतात. एकाच्या तोंडाच्या प्लास्टिकच्या कडेला चीर गेली आहे, तो तसाच वाजतो. आणि पावसाळा! जुलैत आमच्या खोलीत भिंतींना ओल येते, कंडेन्सर माइक कडकड करायला लागतात, त्यांना सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद करून ठेवावं लागतं. ५७ बाहेर खुंटीवर टांगलेले असतात, त्यांना काही होत नाही. बिघडते ती केबल. कनेक्टर आम्ही तापकीर गल्लीतून आणतो आणि मुलांकडूनच सोल्डर करून घेतो. एक नंबरच्या पिनला शील्ड (भोवतीची जाळी), दोनला हॉट, तीनला कोल्ड (सिग्नलच्या दोन तारा). स्वतः केलेली केबल मुलं जपून गुंडाळतात, हा माझा अनुभव.

नवा घेताना खोक्यात क्लिप आणि पाऊच मिळतं, केबल मिळत नाही. तिचे, स्टँडचे आणि फोमचे पैसे वेगळे धरा. पैशाची ओढ असेल तर जुना ५७ घ्यायला माझी हरकत नाही, या माइकचं वय फार मोजावं लागत नाही. मात्र घ्यायला जाताना स्वतःचा इंटरफेस आणि हेडफोन न्या. माइक कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळलं तर नको म्हणा. तोंडासमोर बोलत बोलत माइक सावकाश पूर्ण फिरवा. पाठ तुमच्याकडे आली की आवाज स्पष्ट पडला पाहिजे. चार बोटांवर आलात की खर्ज भरला पाहिजे. केबल जोडलेल्या ठिकाणी हलकेच हलवून पाहा, खरखर झाली तर आधी दुसऱ्या केबलने तपासा आणि मगच माइकला दोष द्या. हे सगळं जमलं आणि विकणारा पाच-सहा हजारांवर थांबत असेल, तर घेऊन टाका.